ड्रमहेलरला दीड दिवस: कुठे थांबावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलगरीत राहणारं कुटुंब, पुण्याहून आलेले सत्तरीतले आई-बाबा, आईंचे गुडघे दुखतात, मुलं सहा आणि अकरा वर्षांची. जुलैतला एक शनिवार-रविवार हातात आहे. अल्बर्टातल्या ड्रमहेलर या डायनासोरच्या गावाला मुक्काम करण्याएवढं काही आहे का, की तिथलं रॉयल टिरेल हे डायनासोर म्युझियम बघून संध्याकाळी परतावं?

मुक्काम करा. एका दिवसात जाऊन येणारी बरीच मंडळी म्युझियम बघतात, गावातल्या अवाढव्य डायनासोरसमोर फोटो काढतात आणि गाडी वळवतात. त्यात वाईट काही नाही, पण गावाच्या पूर्वेकडचा कोळशाचा भाग राहून जातो. आणि ड्रमहेलर वसलं ते कोळशामुळे, डायनासोरमुळे नव्हे. जोसेफ टिरेल हा भूगर्भशास्त्रज्ञ १८८४ साली रेड डिअर नदीच्या या खोऱ्यात आला तो कोळसा आहे का ते बघायला. कोळसा होताच, शिवाय दरडीत एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. त्या प्राण्याला अल्बर्टोसॉरस हे नाव १९०५ मध्ये मिळालं. अल्बर्टा प्रांत झाला तेही त्याच वर्षी. १९११ मध्ये पहिली खाण सुरू झाली आणि १९७९ पर्यंत या खोऱ्यात १३९ खाणींची नोंद झाली. आज वस्ती आठ हजारांच्या आसपास. गावाला सॅम्युएल ड्रमहेलरचं नाव मिळालं ते जमीनमालकाशी नाणेफेक जिंकून, असं सांगतात.

कॅलगरीहून अंतर सुमारे १३५ किलोमीटर, दीड तास. हायवे १ ने पूर्वेला निघून हायवे ९ धरायचा, किंवा शहराच्या उत्तर भागात राहत असाल तर हायवे २ वरून ७२ घेऊन बायसेकरला ९ ला मिळायचं. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, कारण बघायच्या जागा नदीकाठाने पन्नासेक किलोमीटरमध्ये विखुरल्या आहेत. नकाशात पत्ता टाकताना एक घोटाळा टाळा. नुसतं ‘डायनासोर पार्क’ टाकलं तर ब्रुक्सजवळचं डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क समोर येतं. ते जागतिक वारसास्थळ आहे, सुंदर आहे, पण ड्रमहेलरपासून जवळजवळ दोन तासांवर. म्युझियमसाठी ‘रॉयल टिरेल’ असंच टाका.

शनिवारी आठला निघालात तर सव्वानऊ-साडेनऊला हॉर्सशू कॅनियन येतं. ते हायवे ९ वरच, गावाच्या १७ किलोमीटर अलीकडे आहे, पार्किंगला पैसे पडतात. सपाट गव्हाच्या शेतांमधून तासभर गाडी चालवल्यावर जमीन अचानक पायाखालून गायब होते. ते बघायला आधी इथेच थांबायचं. आई-बाबांना कठड्यावरून सगळं दिसतं, खाली उतरायची गरज नाही. मुलांना घेऊन एका मोठ्या माणसाने पायऱ्यांनी तळाशी जावं. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस, आणि तळाशी सावली अजिबात नाही. माणशी एक लिटर पाणी घेतल्याशिवाय खाली जाऊ नका.

कठड्यावर उभं राहून समोरच्या भिंतीतले पट्टे वाचायला शिका, म्हणजे पुढचा दीड दिवस सोपा जातो. फिकट पांढुरका थर म्हणजे नदीच्या पात्रातली वाळू, तिचा झालेला दगड. करडा-तपकिरी म्हणजे पुराने पसरलेला गाळ. बारीक काळी रेघ म्हणजे कोळसा, एके काळची दलदल. गंजाच्या रंगाचे गोटे लोहदगडाचे. हे थर सात कोटी वर्षांच्या आगेमागे साचले. आपल्या दख्खनचा लाव्हा पसरला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे इथला बराचसा गाळ बसून गेल्यावर. खोरं मात्र अगदी अलीकडचं. हिमयुग संपताना वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी ते कापून काढलं.

या मातीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घोटे मुरगळतात ते हिच्यामुळे. राजगड-तोरणा केलेल्या माणसाला हे उतार बघून ‘एवढंच ना’ असं वाटतं. पण सह्याद्रीचा कातळ पाय ठेवला की जागेवर राहतो, ही टेकडी जागेवर राहत नाही. मातीत बेंटोनाइट आहे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली चिकणमाती. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की तडकते. म्हणून कोरड्या दिवशी पृष्ठभाग पॉपकॉर्नसारखा भुसभुशीत दिसतो. बोटाने दाबलं तर वरचा बोटभर थर चुरून खाली घरंगळतो आणि आत घट्ट, गुळगुळीत माती लागते. उतारावर बुटाखाली हेच होतं, अगदी मुरमाच्या घसाऱ्यासारखं. पावसात याहून वाईट. माती साबणासारखी होते आणि तळव्यांना इतकी चिकटते की चार पावलांत बुटाला नक्षीच उरत नाही. पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं तरी त्या दिवशी उतारावर चढू नका. वरून वाळलेली दिसते, आत ओलीच असते. मुलांचे पांढरे बूट घरी ठेवा. हा करडा डाग सहज निघत नाही.

साडेदहाला तिथून निघा. गावात लगेच म्युझियम गाठू नका, कारण जुलैतल्या शनिवारी अकरा ते तीन ही तिथली सर्वांत गर्दीची वेळ. त्याऐवजी डायनासोर ट्रेल हा ४८ किलोमीटरचा गोल रस्ता आधी करा, आणि तो उलटा करा. बहुतेक लोक म्युझियमच्या बाजूने सुरुवात करतात. तुम्ही हायवे ८३७ ने नदीच्या दक्षिण काठाने निघा, म्हणजे फेरी म्युझियमच्या दारात संपते. वाटेत नॅकमाइन नावाची वस्ती लागते. नाव विचित्र वाटतं, पण ते ‘नॉर्थ अमेरिकन कोलिअरीज’च्या आद्याक्षरांना ‘माइन’ जोडून झालं आहे. पुढे ऑर्क्नी व्ह्यूपॉइंट. इथे गाडीपासून थोडं चाललं की नदीचं पूर्ण वळण दिसतं. आई-बाबांसाठी संपूर्ण सहलीतली ही सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत चांगली जागा.

मग ब्लेरिओ फेरी. तारेला धरून नदी ओलांडणारा हा सपाट तराफा १९१३ पासून चालू आहे. नाव आंद्रे ब्लेरिओचं. इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचा हा भाऊ. पैसे लागत नाहीत. गाडीतच बसून पलीकडे जायचं, काही मिनिटांचं काम, पण मुलांना दीड दिवसातलं हेच सर्वांत जास्त आवडू शकतं. शनिवारी दुपारी गाड्यांची रांग लागते, म्हणून साडेअकराच्या आत पोचलेलं बरं. पलीकडे हॉर्सथीफ कॅनियन आहे. तिथे कठडा नाही आणि कडेची माती वर सांगितली तशीच आहे, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलाचा हात सोडू नका. त्यानंतर लिटल चर्च: सहा माणसं मावतील एवढं प्रार्थनाघर. १९५८ मध्ये बांधलेलं मोडकळीला आलं तेव्हा १९९१ मध्ये गावाजवळच्या तुरुंगातल्या कैद्यांनी ते पुन्हा उभारलं. पाच मिनिटं पुरतात.

जेवायला मॅकमुलन आयलंड. म्युझियमच्या अगदी जवळ, नदीकाठी, कॉटनवुडच्या झाडांखाली टेबलं आहेत. डास असतात, मलम लावून बसा. डबा घरूनच आणा हे आग्रहाने सांगतो. शाकाहारी माणसाला गावात पिझ्झा, फ्राइज आणि सॅलडच्या पुढे फारसा वाव नाही, आणि गर्दीच्या दिवशी त्यासाठीही तासभर बसावं लागतं. धपाटे, दशम्या, दही-भाताचा डबा हे उन्हात टिकायचं तर बर्फाच्या पेटीत. गाडीत तशीच ठेवलेली भाजी दुपारपर्यंत आंबते, कारण खोऱ्याच्या तळाशी तापमान वरच्या पठारापेक्षा जास्त असतं आणि जुलैत तिशी सहज ओलांडते.

तीनला म्युझियम. तिकीट ऑनलाइन आधीच काढा. ६५ वर्षांपुढे सवलत आहे. उन्हाळ्यात ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं, हिवाळ्यात मात्र वेळ कमी आणि सोमवारी बंद, तेव्हा तुमच्या तारखेची वेळ बघून घ्या. आईंसाठी दारातच व्हीलचेअर मागून घ्या. चालता येत असलं तरी घ्या. फरशी कडक आहे आणि अडीच-तीन तासांत गुडघे बोलायला लागतात.

१९८५ मध्ये उघडलेलं हे म्युझियम फक्त पुराजीवशास्त्राला, म्हणजे जीवाश्मांच्या अभ्यासाला, वाहिलेलं आहे, आणि इथे संशोधनही चालतं. सगळं वाचत बसलात तर मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. तीन ठिकाणी मात्र वेळ काढाच.

पहिलं बोरिअलोपेल्टा. फोर्ट मॅकमरीजवळच्या तेल-वाळूच्या खाणीत २०११ मध्ये यंत्र चालवणाऱ्याच्या फावड्याला वेगळाच दगड लागला. निघाला ११ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती डायनासोर, आणि नुसती हाडं नव्हेत. पाठीवरचे खवले, मानेवरचे काटे, कातडीचा पोत, सगळं जिथल्या तिथे. खाणीतून उचलताना तो दगडाचा ठोकळा स्वतःच्याच वजनाने मोडला, म्हणून तो तुकड्यांत म्युझियमला आला. मार्क मिचेल या तंत्रज्ञाने जवळजवळ सहा वर्षांत सुमारे ७,००० तास बारीक अवजारांनी दगड खरवडून तो मोकळा केला. प्रजातीच्या नावात म्हणून ‘मार्कमिचेलाय’ आहे. मुलांना काचेजवळ उभं करून खांद्यावरचा लांब काटा शोधायला सांगा. पोटात शेवटचं जेवणही सापडलं, त्यात मुख्यतः नेचे होते.

दुसरं ‘ब्लॅक ब्यूटी’. या टी. रेक्सची हाडं काळी कुळकुळीत आहेत, कारण जमिनीत असताना त्यांत मँगनीजची खनिजं मुरली. तिसरी जागा प्रयोगशाळेची खिडकी. आत माणसं हवेच्या दाबावर चालणाऱ्या सुईएवढ्या छिन्नीने हाडाभोवतीचा दगड काढत असतात. अकरा वर्षांच्या मुलाला इथे दहा मिनिटं उभं राहू द्या, बघता बघता दगड आणि हाड यांच्यातली सीमा त्याला दिसायला लागेल.

त्यावरून जीवाश्मांचा नियम, कारण मुलांचे खिसे भरतातच. अल्बर्टात सापडणारे सगळे जीवाश्म प्रांताच्या मालकीचे आहेत. प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये काहीही उचलायला बंदी. इतर जमिनीवर मालकाच्या परवानगीने पृष्ठभागावर पडलेलं उचलून जवळ ठेवता येतं, पण तुम्ही राखणदार, मालक नव्हे. ते विकता येत नाही आणि सरकारी परवानगीशिवाय अल्बर्टाबाहेर नेता येत नाही. म्हणजे आजीच्या पर्समधून पुण्याला तर नाहीच. परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा, दंड ५०,००० डॉलरपर्यंत आणि वर्षभर कैदही होऊ शकते. उतारावर काही दिसलंच तर शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, फोनवर जागेची खूण साठवा, वस्तू तशीच ठेवा आणि म्युझियमला कळवा. हाड की लोहदगड हे मोडलेल्या कडेवर कळतं: हाडाच्या आत पावाच्या तुकड्यासारखी बारीक जाळी असते, लोहदगड आतून सलग आणि जड.

साडेपाच-सहाला हॉटेलवर जा आणि आई-बाबांना पाठ टेकू द्या. हॉटेल महिना-दोन महिने आधी ठरवलेलं हवं. जुलैच्या सुरुवातीला कॅलगरीत स्टॅम्पीड हा रोडिओचा मोठा उत्सव असतो आणि जुलैतच इथल्या खुल्या रंगमंचावर पॅशन प्ले हे येशूच्या जीवनावरचं नाटक होतं, त्या शनिवार-रविवारी खोल्या मिळत नाहीत. मिळाली नाही तर कॅम्पिंगपेक्षा पुढचा आठवडा बघा. सत्तरीतल्या माणसांना तंबूत या उकाड्यात झोप लागत नाही. बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो. प्रांताचा वेगळा विक्रीकर अल्बर्टात नाही, पण खोलीवर आणखी एखादा कर असू शकतो, एकूण रक्कम आधी विचारा.

हूडू, म्हणजे इथले टोपीवाले दगडी खांब, बघायची वेळ रात्री आठ. जुलैत सूर्य साडेनऊच्या पुढे-मागे मावळतो. दुपारी हे खांब सपाट, मातकट दिसतात, आणि बसगाड्यांची गर्दी असते ती वेगळीच. तिरप्या उन्हात प्रत्येक खाच उठून दिसते. जागा गावाच्या आग्नेयेला हायवे १० वर, १६ किलोमीटर. पार्किंगला इथेही पैसे. हूडू म्हणजे डोक्यावर कडक वाळूच्या दगडाची टोपी आणि खाली मऊ दगडाचा खांब. टोपीखालचा खांब पावसापासून वाचतो, भोवतालचं झिजून जातं. झीज वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या धाकट्या मुलाच्या उंचीएवढी झीज व्हायला शंभर-सव्वाशे वर्षं. पायऱ्या आणि लोखंडी मार्ग केले आहेत, त्यावरूनच चाला. खांबाला नुसता हात टेकला तरी कण सुटतात, आणि मुलं चढली की तळाची माती सैल होऊन वरच्या टोपीला धोका. परत येताना रस्त्यावर हरणं येतात. अंधार पडायला लागला की वेग मर्यादेच्याही खाली ठेवा.

रविवार कोळशाचा. सकाळी दहाला ईस्ट कूलीच्या ॲटलस कोल माइनला पोचा; हूडूंच्या पुढे त्याच रस्त्यावर. इथला लाकडी टिपल सात मजली उंच आहे आणि कॅनडात अजून उभा असलेला हा शेवटचा. टिपल म्हणजे खाणीतून आलेला कोळसा वर घेऊन हलत्या चाळण्यांवर आकाराप्रमाणे वेगळा करून खालच्या रेल्वे वाघिणीत ओतणारी इमारत. मोठे ढेकळ घरातल्या शेगडीला, बारीक यंत्राने पेटवायच्या भट्टीला. घरं गरम करण्यासाठीचा हा कोळसा होता, म्हणूनच तो धंदा बसला: १९४७ मध्ये अल्बर्टातच लेडुकला तेल लागलं, नंतर घराघरांत नैसर्गिक वायू आला, आणि दोन-तीन दशकांत खोरं शांत झालं. मार्गदर्शकासह फेऱ्या वेगवेगळ्या असतात आणि जागा मर्यादित, म्हणून ऑनलाइन घेऊन ठेवा. बोगद्याची फेरी चढाची आहे, दिव्याचं हेल्मेट मिळतं. ती बाबा आणि मोठ्या मुलासाठी. आई आणि धाकट्यासाठी आगगाडीची छोटी फेरी. हिवाळ्यात खाण बंद असते, फेरीबोटही.

परतताना रोझडेलला स्टार माइनचा झुलता पूल आहे, ११७ मीटर, १९३१ चा. खाणकामगार याच्यावरून कामावर जात. चालू आहे का ते त्या आठवड्यात बघून घ्या. आईंनी अलीकडे बाकावर बसावं, मुलं मध्यावर पोचली की तो चांगलाच हलतो. वेळ उरला तर रोझडेलहून १०एक्स रस्त्याने वेन. सहाच किलोमीटरमध्ये ११ पूल म्हणून हा रस्ता प्रसिद्ध झाला. पूल एकेरी असतील तिथे समोरच्याला आधी येऊ द्या. टोकाला १९१३ चं रोझडिअर हॉटेल आणि त्यातलं लास्ट चान्स सलून. एके काळी इथे हजारोंची वस्ती होती, आता मोजकी घरं.

गावातला तो अवाढव्य टी. रेक्स शेवटी ठेवा. २६.३ मीटर उंच, आत १०६ पायऱ्या, लिफ्ट नाही, वर त्याच्या जबड्यात दहाएक माणसं उभी राहतात. खऱ्या टी. रेक्सच्या साडेचारपट मोठा, म्हणजे विज्ञान शोधू नका. पैसे द्यायचे की नाही हे मुलांवर सोडा. पायथ्याशी कारंज्यांचं खेळायचं मैदान फुकट आहे आणि उन्हात मुलं बहुधा तेच निवडतात. टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड गाडीत वरच ठेवा.

रविवारी पाऊस असेल तर खाणीचा कार्यक्रम तसाच चालतो, फक्त मातीच्या वाटा सोडा. वणव्यांचा धूर ही जुलै-ऑगस्टची दुसरी अडचण. बाबांना दम्याचा त्रास असेल तर सकाळी हवेचा निर्देशांक बघा, आणि सातच्या वर असेल तर शनिवारी ट्रेल रद्द करून सरळ म्युझियम गाठा. फेरीबोट नदीच्या पाण्यावर अवलंबून असते, पाणी चढलं की ती थांबते. ‘५११ अल्बर्टा’ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर तिची स्थिती दिसते. बंद असेल तर ऑर्क्नी बघून त्याच रस्त्याने गावात या आणि हॉर्सथीफ म्युझियमच्या बाजूने करा.